बिनमोटरचं कारंजं

आमच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली. तोंडावर मी अजून 'अहो'च म्हणते, पण लिहिताना शांताराम लिहिणार आहे. नाहीतर 'हे' म्हणजे कोण, हे वाचणाऱ्याने किती वेळा शोधायचं?

तर हा शांताराम कुठेही गेला की आधी पाणी कुठून येतं ते बघतो. लग्नानंतर आम्ही महाबळेश्वरला गेलो होतो. तिथल्या जुन्या देवळात गोमुखातून पाणी पडतं, लोक तीर्थ म्हणून ओंजळीत घेतात. मी डोळे मिटून हात जोडले आणि उघडले, तर नवरा गायब. तो देवळाच्या मागे भिंतीला कान लावून उभा होता आणि पुजारी त्याच्याकडे संशयाने बघत होता. "पाईप कुठेच दिसत नाही गो," तो मला म्हणाला. नवी नवरी होते, मला रडू आलं. आता येत नाही. आता मस्कतच्या मॉलमध्ये कारंजं दिसलं की मी सरळ सांगते, मी कपड्यांच्या दुकानात आहे, तुमचं बघून झालं की या.

धंदाच तसा आहे म्हणा. दापोलीजवळच्या आमच्या गावातून आयटीआय करून तो ओमानमधल्या इब्रीला आला, तो पंप दुरुस्तीच्या दुकानात. सत्तावीस वर्षं एकच दुकान, एकच स्टूल. काउंटरवर शरीफ बसतो. तो श्रीवर्धनचा, बोलायला वस्ताद, नवे पंप विकतो. मागे शांताराम जुने पंप खोलतो. आसपासच्या गावांतल्या खजुराच्या बागा, विहिरी, मशिदींच्या टाक्या, सगळीकडे त्याचा हात फिरलाय. रस्त्याने जाताना तो मला घरं दाखवतो ती माणसांच्या नावाने नाही, पंपाच्या नावाने. इथे दीड हॉर्सपॉवर, तिथे सबमर्सिबल, त्याचं बेअरिंग मी तीनदा बदललं.

यंदा तीस एप्रिलला आम्ही कायमचे गावी जायचं ठरलं. शांताराम साठीला आला, गुडघे कुरकुरायला लागले. दुकानाच्या अर्बाबने, म्हणजे मालकाने, निरोपाची बिर्याणीसुद्धा खाऊ घातली. सामान बांधायला काढलं होतं. फक्त एक गोष्ट शांतारामच्या घशात अडकली होती, ती सालेमच्या घरचं कारंजं.

सालेम शाळेत शिक्षक आहे. इब्रीपासून अर्ध्या तासावर डोंगराच्या पायथ्याशी त्याचं गाव. जुन्या घराच्या अंगणात त्याने आईसाठी कारंजं बांधलं. म्हातारीला नीट दिसत नाही, पण कान तिखट. तिला अंगणात बसून पाणी ऐकायचं होतं. शांतारामने मोटर बसवली, पाणी माणसाच्या उंचीएवढं उडालं, सगळ्यांनी वाहवा केली. म्हातारीने थोडा वेळ ऐकलं आणि विचारलं, "शांता, पानी का आवाज किधर? ये तो मकिना का आवाज."

खरंच होतं ते. मोटरची घरघर पाण्याच्या वर बसत होती. शांतारामने मोटर लांब नेली, पेटीत घातली, खाली रबर दिलं. म्हातारीला तरी ऐकू यायचीच. तिला तो उम्मी, म्हणजे आई म्हणतो. शेवटी हा बोलून गेला, "उम्मी, मैं मोटर के बिना चलाके देगा. जाने के पहले."

दुकानात ही बातमी कळल्यावर शरीफ पोट धरून हसला. "भाऊ, सत्तावीस वर्षं मोटरी विकून आपण पोरं शिकवली, आणि जाता जाता तुम्ही हे काय काढलंत?"

शांतारामने गच्चीवर टाकी चढवली. कारंजं चाळीस मिनिटं छान चाललं, मग टाकी रिकामी. भरायला परत मोटर. सालेम भला माणूस, "मालेश, मालेश," म्हणाला, चालायचंच अशा अर्थाने. म्हातारीने अंगणातली आपली खुर्ची उचलून आत न्यायला सांगितली.

ती आत जाणारी खुर्ची शांतारामने पाहिली. त्या दिवशी तो धड जेवला नाही. मला राग आला होता, सांगते. तीन आठवडे उरलेत, सामान बांधायचंय, आणि हा कागदावर नळ्या काढत बसलाय. पण खरं सांगायचं तर रागापेक्षा वाईट जास्त वाटत होतं. या देशातून हा माणूस दिलेला शब्द मोडून जाणार, आणि तो शब्द एका न दिसणाऱ्या म्हातारीला दिलेला.

आता यात स्पेन कुठून आलं ते सांगते. आमची पूर्वा पुण्याला इंजिनिअरिंगला आहे आणि सहा महिन्यांसाठी कॉलेजतर्फे स्पेनमध्ये मलागाला गेली आहे. मलागापासून बसने दोन तासांवर ग्रॅनडा नावाचं जुनं शहर आहे. तिथे टेकडीवर अरबांच्या काळातला राजवाडा आहे, अल्हाम्ब्रा. शांतारामने फोनवर त्याचा व्हिडिओ पाहिला. बारा दगडी सिंह पाठीवर थाळा घेऊन उभे, प्रत्येकाच्या तोंडातून पाणी, आणि हे बांधलं त्याला साडेसहाशे वर्षं झाली. व्हिडिओ त्याने पंचवीस वेळा पाहिला असेल. "तेव्हा मोटर कुठे होती?" एवढंच तो म्हणत राहिला.

एप्रिलमध्ये पूर्वाचा वाढदिवस. शांतारामने तिला फोन करून सांगितलं, तुझी वीकएंडची सहल माझ्याकडून, तिकीट मी काढतो. या राजवाड्याचं तिकीट नावावर निघतं, पासपोर्टचा नंबर द्यावा लागतो, आत जायची वेळसुद्धा ठरलेली असते. याने चष्मा लावून, एका बोटाने टाइप करत, सगळं स्वतः भरलं. मला दाखवलं. मी नाव तपासलं, पासपोर्टचा नंबर तपासला, छान म्हटलं. पूर्वाला पाठवलं, तिनेही हृदयाचं चित्र पाठवलं.

सहलीच्या आधी दोन दिवस तिचा फोन आला. "बाबा, हे तर फ्रायडेचं तिकीट आहे. फ्रायडेला माझं प्रेझेंटेशन आहे."

"अगं, वीकएंडचंच आहे ना?"

"बाबा, इथे वीकएंड सॅटरडे-संडे असतो."

इथे ओमानमध्ये आधी गुरुवार-शुक्रवार सुट्टी असायची, मग शुक्रवार-शनिवार झाली, पण शुक्रवार काही हलला नाही. सत्तावीस वर्षं शुक्रवारी दुकानाचं शटर खाली असतं. सुट्टीचं तिकीट म्हटल्यावर याचं बोट आपोआप शुक्रवारवर पडलं. मी पाहिलं, मलाही खटकलं नाही. पूर्वाची तर कमालच. "मी पण किती दिवस बघत होते," ती म्हणाली, "मला पण नाही कळलं. मी पण इब्रीचीच ना."

शनिवारची राजवाड्याची तिकिटं संपली होती. उरलं होतं ते फक्त बागांचं आणि किल्ल्याचं. म्हणजे सिंह दिसणार नाहीत. शांताराम म्हणाला, "जाऊ दे. बाग बघून ये तू. वाढदिवस तुझा आहे." आवाज एकदम साधा होता, पण फोन ठेवल्यावर तो बराच वेळ चष्मा पुसत बसला.

शनिवारी दुपारी मी डबा घेऊन दुकानात गेले. तिकडे दहा वाजले होते, इकडे बारा. फोन पंपाच्या खोक्याला टेकवून शांताराम स्टुलावर, त्याच्या मागे शरीफ, आणि पडद्यावर पूर्वा, उन्हाने लाल झालेली. मागे सरळसोट उंच झाडं, गुलाब, लांबलचक हौद आणि दोन्ही बाजूंनी पाण्याच्या कमानी.

"बाबा, बघा किती ब्युटिफुल आहे."

"छान आहे. पंप कुठाय?"

"बाबा."

"कारंज्याच्या मागे जा ना जरा."

"मागे जायला अलाउड नाही. आणि मला फोटो काढायचेत."

"काढ, काढ. मग जा."

शरीफ म्हणाला, "पूर्वा बेटा, तुझा बाप तिकडे असता तर आतापर्यंत झाडीत शिरला असता आणि पोलिसांनी उचलला असता." पूर्वा हसली आणि मला बरं वाटलं. मलागाला गेल्यापासून तिचे फोन लहान होत चालले होते. बोलायला मराठी शब्द लवकर सापडत नाहीत, इंग्रजीत बोलली की बाप गप्प होतो, मग दोन्हीकडून "जेवलीस का" आणि "हो" एवढंच उरतं. आज मात्र ती फोन हातात धरून चालत होती आणि बाप तिला डावीकडे, उजवीकडे, खाली, वर करत होता.

मग ती एका जिन्यापाशी आली. झाडांच्या सावलीत चढत जाणारा जिना, आणि त्याच्या दोन्ही कठड्यांच्या माथ्यावर खाच कोरलेली. त्या खाचेतून पाणी धावत येत होतं. माणसाने आधाराला हात ठेवायचा, तिथे पाणी.

"बाबा, रेलिंगमध्ये पाणी आहे." तिने हात घातला. "खूप थंड. आणि फास्ट."

शांताराम पडद्याच्या इतका जवळ गेला की आम्हाला त्याचं डोकंच दिसायला लागलं. "वर जा," तो म्हणाला. "पाण्याच्या उलट्या दिशेने वर जा."

ती धापा टाकत वर गेली. वर एक माळी पालापाचोळा काढत होता. पूर्वाने त्याला स्पॅनिशमध्ये विचारलं. माझी मुलगी परक्या भाषेत परक्या माणसाला आमच्यासाठी काहीतरी विचारते आहे, हे मी पहिल्यांदा पाहिलं आणि मला जो अभिमान वाटला तो मी लपवला नाही. शरीफलाही सांगितलं.

"बाबा, तो म्हणतो पाणी नदीतून येतं. पण इथल्या नदीतून नाही, नदी खाली आहे. किती तरी किलोमीटर लांब, जिथे नदी या बागेपेक्षा उंच आहे, तिथून घेतलंय. मग डोंगराच्या साइडने चॅनल आहे, असा हळूहळू खाली येणारा. बस. मोटर वगैरे जुन्या सिस्टिममध्ये काही नाही."

"आणि इथून पुढे? वापरलेलं पाणी कुठे जातं?"

"वापरलेलं म्हणजे?"

"कारंज्यात उडालं, जिन्यात वाहिलं, पुढे? गटारात?"

तिने परत विचारलं. माळी हसला आणि हाताने खाली दाखवलं. पूर्वाने फोन वळवला. खालच्या पायऱ्यापायऱ्यांच्या जमिनीत भाजीचे वाफे होते, हिरवेगार. "तो म्हणतो, कारंजं पाणी खात नाही. ते फक्त इथून जाता जाता खेळतं. पोटात जातं ते भाजीच्या."

शांतारामने खोक्यावर बोटाने एक उतरती रेघ ओढली. मग पूर्वा म्हणाली, "बाबा, हे सेम आपल्या फलजसारखं आहे ना? त्या सालेम अंकलच्या गावात. तुम्ही मला लहान असताना पाय धुवायला न्यायचे. तिथे पण पाणी वरून येतं, डोंगराच्या साइडने."

फलज म्हणजे इथल्या गावांचा पाट. डोंगराच्या पोटातून निघतो आणि उतार धरून गावात येतो. सालेमच्या गावात तो घराच्या वरच्या अंगाने जातो, वळसा घेतो आणि घराच्या मागे खाली उतरतो. हे शांतारामला माहीत नव्हतं? त्या पाटाच्या काठावर बसून त्याने शंभर वेळा डबा खाल्लाय. पण फलजचं पाणी कोणी आपल्या मनाने वळवत नाही. प्यायचं पाणी वर, मग मशीद, मग बागा. प्रत्येक बागेची पाळी घड्याळावर ठरलेली, आजोबांपासून नातवापर्यंत वारशाने आलेली. परक्या मेकॅनिकने त्याच्याकडे बघून पाईपचा विचार करायचा नसतो, म्हणून सत्तावीस वर्षं याने तो केलाच नाही. जिथे फलज नाही पोचत, तिथे याचा पंप.

"ठेवतो गो," शांताराम म्हणाला. "तू किल्ला बघ. आणि जेव."

डबा तसाच राहिला. सालेमच्या गावाकडे निघालो, मी गाडीत मागे, पुढे चालवायला शरीफ, आणि शांतारामच्या मांडीवर गवंड्याची पाणसळ, म्हणजे पाणी भरलेली लांब पारदर्शक नळी. शरीफने दुकान बंद केलं होतं. शनिवारी दुपारी. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "वहिनी, मोटरीशिवाय पाणी चढतं की नाही ते मला पण बघायचंय."

नळीचं एक टोक शरीफने पाटावर धरलं, दुसरं शांतारामने अंगणात. फरक निघाला जवळजवळ पावणेदोन मीटर. शांतारामने तीनदा मोजलं. मग तो सालेमला घेऊन वकिलाकडे गेला. हा कोर्टातला वकील नव्हे. फलजची पाळी, दुरुस्ती, भांडणं बघणाऱ्या गावच्या माणसाला तिथे वकील म्हणतात. हमूद त्याचं नाव, सत्तरीचा, पांढरी दाढी, हातात खजुराची काडी.

त्याने सगळं ऐकलं आणि नाही म्हटलं. सालेम त्याचा पुतण्या, तरी नाही म्हटलं. आज कारंजं, उद्या कोणी पोहायचा हौद मागेल.

शांतारामने आपल्या मोडक्या अरबी-हिंदीत सांगितलं, "पानी रहेगा नही. मशीद के बाद लेगा, पहला बाग के पहले वापस देगा. कारंजा पानी खाता नही." माळ्याचं वाक्य जसंच्या तसं, स्पेनमधून इब्रीला, दोन तासांच्या आत.

हमूद उठला. घराच्या खालच्या अंगाला जाऊन त्याने काडी पाटात उभी धरली, ओल्या रेषेवर नखाने खूण केली. मग सरळ सांगितलं. पाईप टाका. घराच्या खाली, जिथे पाणी परत येईल तिथे, काम झाल्यावर मी परत हीच काडी धरीन. खूण हलली तर पाईप काढायचा. आणि आणखी एक, पाईपला चावी नको. चावी बसली की ती कोणाच्या तरी हातात राहणार.

शांतारामचं सगळं आयुष्य व्हॉल्व बसवण्यात गेलं. चावी नसलेला पाईप त्याने कधी टाकला नव्हता. पण त्याने मान डोलावली.

पुढचे सहा दिवस सामान मी एकटीने बांधलं आणि याबद्दल एकदाही कुरकुरले नाही, हे इथे नोंदवून ठेवते. पाटाच्या भिंतीत तोंड, तिथे पालापाचोळा अडवणारी जाळी, दोन इंची पाईप जमिनीखालून अंगणात, कारंज्याचं तोंड बारीक केलेलं, आणि हौदातून वाहून जाणारं पाणी मागच्या उतारावरून परत पाटात. शेवटच्या जोडावर शांतारामने हात ठेवला आणि वर शरीफने पाईपच्या तोंडातली चिंधी काढली.

आधी हवा आली, मग गढूळ पाणी, मग एक हातभर धार. हातभरच. मोटर होती तेव्हा माणसाएवढी उडायची. शांताराम त्या धारेकडे बघत राहिला आणि त्याचा चेहरा उतरला. "एवढंच," तो म्हणाला. हमूद खाली काडी घेऊन बसला होता. खूण हलली नव्हती.

सालेमच्या आईला नातीने धरून दारात आणलं. ती उंबऱ्यावर थांबली. धार किती उंच आहे ते तिला दिसत नव्हतंच. तिने मान एका बाजूला केली, ऐकलं, आणि खुर्ची मागितली. अंगणात, पूर्वीच्या जागी. बसली. मग सालेमला अरबीत काहीतरी म्हणाली आणि सालेम हसत भिंतीकडे धावला. बाहेर बसवलेलं एसीचं यंत्र त्याने बंद केलं. तेही तिला मध्ये येत होतं.

शरीफ मला हळूच म्हणाला, "वहिनी, धंदा बुडाला." आणि डोळे पुसले.

परतताना शांताराम सारखा मागे वळून गावाकडे बघत होता. मी विचारलं, आता काय झालं? म्हणाला, "काही नाही. सत्तावीस वर्षांत मी जे जे बसवलं, त्यासाठी कधी ना कधी परत बोलावणं आलं. बेअरिंग गेलं, कॉइल जळली, कॅपॅसिटर उडाला. यात बिघडण्यासारखं काही नाहीच. जाळी साफ करायची, ती सालेमची पोर करेल." मग थोड्या वेळाने, "म्हणजे इथून मला आता कोणी बोलवणार नाही."

मी त्याचा हात धरला, पुढे शरीफ बसलेला असताना.

तीस तारखेला आम्ही निघालो. गावी आल्यावरही शांताराम फोन हातात घेऊन फिरत होता. ओमानचं सिमकार्ड त्याने मुद्दाम चालू ठेवलं होतं. पूर्वाचा फोन रोज येऊ लागला, ती जिथे जाईल तिथलं पाणी कुठून येतं ते बाबांना सांगते, बाप-लेकीचं अर्धा अर्धा तास चालतं आणि मला कोणी विचारत नाही. पण इब्रीचा फोन आठ दिवस आला नाही.

नवव्या दिवशी आला. सालेमचा. शांताराम जेवता जेवता उठला, उष्ट्या हाताने फोन घेतला आणि नेहमीच्या धंद्याच्या आवाजात म्हणाला, "हां सालेम, क्या खराब हुआ?"

"कुछ खराब नही, शांता. उम्मी इधर बैठी है. रोज पूछती, शांता घर पहुंचा कि नही."

शांताराम फोन घेऊन ओसरीवर गेला आणि माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. मग त्याने उम्मीला सांगितलं, "पहुंचा."